घरबसल्या मतदान, रोजची लोकशाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मधे संपली आणि मग कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. तेव्हापासून ओळखीतल्या पोट्ट्यांच्या डोक्यात एक आयडिया बसली आहे की नगरसेवक, आमदार पाहिजेच काहून, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, अ‍ॅप काढा, प्रत्येक निर्णयावर लोकांनाच मत देऊ द्या. मी शाळेत शिकवतो, इलेक्शन ड्युटी करत आलोय, त्यामुळे हे सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. दरवेळी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो.

हे लोक नेमकं मागून काय राहिले?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकाच ताटात वाढतात. एक, निवडणूक आहे तशीच पण मत बूथवर न जाता मोबाइलवरून द्यायचं. दुसरी, निवडून द्यायचं कोणाला हा प्रश्नच काढून टाकायचा आणि रस्ता, पाणी, टॅक्स, कायदा सगळ्यावर जनतेनं थेट हो-नाही म्हणायचं. पहिलीत अडचण मुख्यतः मशीनची आणि गुप्ततेची आहे. दुसरीत मशीन एकदम परफेक्ट निघालं तरी अडचण तशीच राहते, आणि माझा खरा आक्षेप तिथंच आहे.

बँकेतले लाखो रुपये मोबाइलवरून जातात, मग एक मत काहून नाही जाऊ शकत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बँकेला माहीत असतं पैसे कोणी कोणाला पाठवले, तुम्हाला मेसेज येतो, पासबुकात एंट्री दिसते, गडबड वाटली तर तुम्ही तक्रार करता आणि बँक मागे जाऊन तपासते. म्हणजे तिथली सुरक्षितता उभीच आहे नावावर. मतदानात बरोबर उलटं पाहिजे, तुम्ही मत दिलं एवढंच कळलं पाहिजे, कोणाला दिलं ते कोणालाच नाही, सरकारला नाही, सॉफ्टवेअरवाल्याला नाही, तुमच्या बायकोला पण नाही. आता नाव आणि मत वेगळं केलं की तुमचं मत मधेच कोणी बदललं का हे तपासायला मागे जायचा रस्ताच बंद. आणि तपासता यावं म्हणून पावती दिली तर ती पावती दाखवून मत विकता येतं. गुप्तता आणि तपासणी दोन्ही एकदम इंटरनेटवरून सांभाळणं हे कॉम्प्युटरवाल्या लोकांना अजून धड जमलेलं नाही. त्यात आपण बँकेचं उदाहरण देतो म्हणजे बँकेत फ्रॉड होतच नाही असं धरून चाललो की काय, ओटीपी सांगून पैसे गेलेला एखादा तरी तुमच्या घरात असेलच.

कोणी खरंच हॅक केलंय का, की नुसती भीती?

केलंय ना. २०१० मधे अमेरिकेच्या वॉशिंग्टन डीसीनं इंटरनेट मतदानाची सिस्टिम बनवली आणि खऱ्या निवडणुकीआधी जाहीरपणे सांगितलं, या, तोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ४८ तासांच्या आत आत शिरून पडलेली सगळी मतं बदलली. सर्व्हर रूममधले कॅमेरे सुद्धा त्यांना दिसत होते. वरून मत दिल्यावर त्यांच्या विद्यापीठाचं गाणं वाजेल अशी सोय करून ठेवली, तरी अधिकाऱ्यांना पत्ता लागायला जवळपास दोन दिवस गेले. गाणं वाजत असताना! ज्याला खरंच निकाल फिरवायचाय तो काय गाणं वाजवणार आहे?

स्वित्झर्लंडच्या पोस्ट खात्याची सिस्टिम तर चांगली नावाजलेली, २०१९ मधे तिचा सोर्स कोड तपासायला खुला केला तर संशोधकांना गंभीर दोष सापडले आणि वापर थांबवला. २०२३ मधे काही मोजक्या कॅन्टनमधे, म्हणजे तिथल्या राज्यांत, मर्यादित प्रमाणात परत चालू केली. नॉर्वेनं २०११ आणि २०१३ ला प्रयोग केले आणि मग बंद करून टाकले.

पण एस्टोनियात तर चालते ना मस्त!

चालते. २००५ पासून, आणि २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून थोडी जास्त मतं ऑनलाइन पडली. पण एस्टोनिया केवढा? लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख, आपल्या नागपूर शहराचीच २०११ च्या जनगणनेत २४ लाखांच्या वर होती. तिथं प्रत्येकाकडे चिपवालं ओळखपत्र आहे, ते रोजच्या सरकारी कामाला वापरायची सवय आहे. तरी २०१७ मधे त्याच चिपमधे दोष निघाला, साडेसात लाखांच्या आसपास कार्डांचा प्रश्न उभा राहिला.

आणि मुख्य म्हणजे एस्टोनियावाले ऑनलाइन निवडतात ते खासदार आणि नगरसेवकच. रोजच्या निर्णयावर अंगठा दाबत नाहीत. त्यामुळे थेट लोकशाहीच्या बाजूनं एस्टोनियाचं नाव घेणाऱ्याला मी एवढंच विचारतो, भाऊ, तू नेमकं कशाचं उदाहरण देऊन राहिला?

ब्लॉकचेन लावलं तर?

ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकदम ठेवलेली नोंदवही, ती वहीत लिहिलेलं खोडू देत नाही. वहीत लिहायच्या आधीच तुमच्या फोनमधल्या व्हायरसनं मत बदललं तर ते चुकीचं मत कायमचं आणि अगदी सुरक्षित जपून ठेवलं जाईल. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियानं २०१८ मधे असं एक अ‍ॅप वापरलं, २०२० मधे एमआयटीच्या संशोधकांनी त्यातल्या त्रुटी दाखवल्या. पुढचा प्रश्न.

बूथवर असं काय विशेष असते जे घरी नाही?

तुम्ही सात वाजता येता, आम्ही साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल घेतो. निदान ५० मतं टाकायची, मग रिझल्ट काढून व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या मशीनच्या, चिठ्ठ्यांशी जुळवायचा, सगळं क्लिअर करायचं, त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सील करायच्या, एजंटांच्या सह्या घ्यायच्या. झोपेतून उठून आलेला एजंट सुद्धा तेवढा वेळ डोळे फाडून बघतो कारण समोरच्या पक्षाचा माणूस शेजारीच बसलेला असतो. मतदाराला चिठ्ठी सात सेकंद काचेतून दिसते. संध्याकाळी १७ सी फॉर्मवर एकूण किती मतं पडली ते लिहून प्रत्येक एजंटला कॉपी द्यायची, मोजणीच्या दिवशी तो आकडा घेऊन हजर. आता ईव्हीएमबद्दल लोकांचे प्रश्न आहेत, असू देत, विचारलेच पाहिजेत, पण निदान इथं संशय घ्यायला एक वस्तू आहे, एक खोली आहे, सही केलेला कागद आहे. अ‍ॅपमधे संशय घ्यायचा तर कुठं जायचं? सर्व्हर कुठल्या शहरात आहे ते पण आपल्याला माहीत नसते.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं मार्च २००९ मधे हाच मुद्दा धरून तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. सामान्य नागरिकाला काही खास तांत्रिक ज्ञान नसताना निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे तपासता आले पाहिजेत, असं कोर्टाचं म्हणणं. ते यंत्र निदान डोळ्यासमोर तरी होतं!

आणि दुसरी गोष्ट तो पुठ्ठ्याचा आडोसा. दिसायला काहीच नाही, पण त्याच्या आत एका वेळी एकच माणूस. नवरा म्हणतो हिला वाचता येत नाही मी दाबून देतो, तर आम्ही त्याला बाहेर थांबवतो, अंध किंवा अपंग मतदाराच्या सोबत्याची वेगळी रीतसर तरतूद आहे, ह्याच्यासाठी नाही. मग ती बाई आत जाते, जरा वेळ लावते, आणि बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. घरच्या सोफ्यावर तो आडोसा कोण धरणार? सासरा म्हणेल आणा सगळ्यांचे मोबाइल इकडे. वस्तीत कार्यकर्ता येईल, ताई ओटीपी आला का, सांगा बरं. ठेकेदार मजुरांना रांगेत उभं करून मत देऊन घेईल आणि मगच हजेरी लावेल. बूथवर मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून चिडचिड करता ना, ते यासाठीच असतं, मताचा फोटो काढून पैसे घेता येऊ नये म्हणून.

एस्टोनियानं यावर उपाय म्हणून मत परत बदलायची सोय दिली आहे, शेवटचं ऑनलाइन मत धरतात आणि कागदावर दिलं तर कागदाचं धरतात. कल्पना हुशार आहे. पण ज्या घरात बाईचा फोनच नवऱ्याच्या खिशात असतो तिथं ती दुसऱ्यांदा मत देणार कशावरून?

आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, हा मुद्दा जुना नाही झाला का?

घरात मोबाइल असणं वेगळं आणि आपला मोबाइल असणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मधे, देशातल्या ३३ टक्के बायकांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. कधीतरी! त्यानंतर आकडे वाढलेच असतील, पण दरी एका रात्रीत बुजत नाही. ज्या आजोबांचा लाइफ सर्टिफिकेटचा अंगठा मशीन घेत नाही म्हणून ते सेतू केंद्रात दोनदा चकरा मारतात त्यांना आपण उड्डाणपूल पाहिजे का यावर ऑनलाइन मत द्या म्हणणार.

आमच्या सोसायटीत सगळं व्हॉट्सअ‍ॅप पोलवर ठरतं, काहीच प्रॉब्लेम नाही.

आमच्याकडे पण ठरतं. मागचं गेट बंद करायचं का असा पोल टाकला एकानं, रात्री दहाला. सकाळपर्यंत हो वाल्यांचं बहुमत, कुलूप लागलं. मागच्या गेटमधून येणारी भाजीवाली, रोज तिथून दवाखान्यात जाणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू, कामाला येणाऱ्या बाया, यातलं कोणी ग्रुपवर नाही. काकूंना कुलूप पाहिल्यावर कळलं. बरं, पोलमधे कोणी काय मत दिलं ते नावासकट दिसतं, त्यामुळे सेक्रेटरीनं हो म्हटल्यावर भाडेकरू तर नाही म्हणायला धजतच नाहीत. जनरल बॉडीत काकू समोर उभ्या राहून बोलल्या असत्या तर निम्म्या लोकांनी मत बदललं असतं, मला तरी असं वाटतं, कारण बहुतेकांना त्या गेटचा वापर कोण करतो हेच माहीत नव्हतं. चोऱ्या होतात म्हणून हो केलं सगळ्यांनी. आणि पर्यायात "फक्त रात्री बंद" हा पर्याय टाकलाच नव्हता.

लोकांनी स्वतः ठरवलं तर त्यात वाईट काय?

प्रश्न कोण लिहिणार? इथंच सगळं येऊन थांबतं. अ‍ॅपवर कोणता प्रश्न येईल, कधी येईल, त्यात शब्द कोणते असतील आणि पर्याय किती, हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात खरी सत्ता. "शहराच्या विकासासाठी उड्डाणपूल हवा का?" आणि "अमुक इतकी झाडं तोडून, तमुक इतके कोटी घालून उड्डाणपूल हवा का?" एकच पूल, दोन निकाल. नगरसेवक निदान सभागृहात म्हणू शकतो की प्रस्तावातलं तिसरं कलम काढा, निधी कुठून येणार ते सांगा, विषय पुढच्या सभेत घ्या. हो आणि नाही या दोन बटणांत "थांबा, आधी कागद दाखवा" हे बटण नसतं.

ब्रिटनचं बघा. २३ जून २०१६, युरोपियन युनियनमधे राहायचं की निघायचं, ५१.८९ टक्के म्हणाले निघायचं. निघायचं म्हणजे नेमकं कसं, आयर्लंडच्या सीमेचं काय, व्यापाराचं काय, हे त्या मतपत्रिकेवर नव्हतंच. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं, मधे दोन पंतप्रधान गेले. तेही कागदावरचं, महिनोन्‌महिने प्रचार होऊन झालेलं मतदान होतं.

टॅक्सचं तर सोपं आहे. मालमत्ता कर कमी करायचा का? नागपुरात उद्या विचारा, धो धो हो पडतील. पिण्याचं पाणी चोवीस तास पाहिजे का? त्यालाही हो. दोन्हीचा हिशोब एकत्र मांडायचं काम कोणाचं? कॅलिफोर्नियात १९७८ मधे प्रपोझिशन १३ नावानं असंच मतदान झालं, मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधला आणि घर विकलं जाईपर्यंत मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही असं ठरलं. परिणाम असा की शेजारी शेजारी सारखी दोन घरं, जुन्या मालकाला चिमूटभर कर आणि नवीन घेणाऱ्याला कित्येक पट. स्थानिक शाळांचा पैशासाठी राज्यावरचा भार वाढला तो वेगळाच.

आपल्या अंबाझरी तलावाचं आठवतं ना? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी. नंतर सांडव्यासमोरच्या स्वामी विवेकानंदांच्या पुतळ्याच्या स्मारकामुळे प्रवाह अडतो का यावर वाद, प्रकरण हायकोर्टात. आता हा प्रश्न अ‍ॅपवर टाकला असता तर लोकांनी पाण्याच्या प्रवाहावर मत दिलं असतं की पुतळ्यावर? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे.

बहुमत म्हणजेच लोकशाही ना शेवटी?

नाही हो. १९५९ मधे स्वित्झर्लंडमधे बायकांना मताधिकार द्यायचा का यावर मतदान झालं, मत द्यायचे फक्त पुरुष, आणि ६७ टक्के म्हणाले नाही. देशपातळीवर हक्क मिळाला १९७१ मधे. अ‍ॅपेनझेल इनररोडन नावाच्या कॅन्टनमधे तर पुरुष नाहीच म्हणत राहिले, शेवटी १९९० मधे कोर्टानं आदेश दिला.

आता बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, या. "मेन रोडवरचे फेरीवाले हटवावे का?" हा प्रश्न आख्ख्या शहराला अ‍ॅपवर विचारा. गाडी पार्क करायला जागा मिळत नाही म्हणून वैतागलेले किती आणि त्या दीड मीटरवर घर चालवणारे किती? निकाल लागायच्या आधीच लागलाय. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर निदान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे पाहिजेत असं लिहिलंय ते यामुळेच. ज्याचं जातं त्याला टेबलावर खुर्ची. अंमलबजावणीची बोंब आहे, ती आहेच.

आणि ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथं हे वेगळं सांगायला लागू नये. बाबासाहेबांनी १९४७ मधेच लिहून ठेवलंय की भारतातलं बहुमत हे राजकीय बहुमत नसून जातीय-धार्मिक बहुमत आहे, ते जन्मानं ठरतं. मतं बदलतील, आजचे हरलेले उद्या जिंकतील, या आशेवर बहुमताचा नियम सहन होतो. बहुमत जन्मावरच पक्कं असेल तर रोजचं मतदान म्हणजे रोजची हार.

मग स्वित्झर्लंड इतकी वर्षं कसं चालवते?

हळू चालवते, हे उत्तर. साधारण वर्षातून चार वेळा मतदान. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणायचा तर १८ महिन्यांत एक लाख सह्या पाहिजेत, संसदेच्या कायद्याला आव्हान द्यायला १०० दिवसांत ५० हजार. मतदानाआधी घरोघरी माहितीपुस्तिका जाते, त्यात दोन्ही बाजू. संसद आहेच, ती वाटाघाटी करते. आणि बहुतेक मतं अजून पोस्टानं जातात, अ‍ॅपनं नाही! एवढं असूनही मतदान बरेचदा ५० टक्क्यांच्या खालीच राहतं. आपल्याकडे रोज नोटिफिकेशन आलं तर चौथ्या दिवशी म्यूट. मग ठरवणार कोण? ज्यांना रिकामा वेळ आहे ते आणि ज्यांचा हितसंबंध आहे ते.

भारतात असं थेट मतदान कधी झालंय का?

आपल्या घटनेत देशपातळीवरच्या सार्वमताची तरतूद नाही. पण मराठी माणसाला टोचणारं एक उदाहरण आहे, १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. ५४ टक्के दोन पानांवर. त्यासाठी संसदेनं आधी स्वतंत्र कायदा केला, आणि मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं राजीनामा दिला. एवढी तयारी एका प्रश्नासाठी!

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, आडवी बाटली. वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आणि बंद व्हायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत, नुसत्या आलेल्यांपैकी नाही. आता इथं घरबसल्या मोबाइल मतदान ठेवा बरं, नवरा दारूच्या दुकानाचा रोजचा गिऱ्हाईक आहे आणि फोन त्याच्या हातात. आडवी किती पडेल?

गडचिरोलीचं मेंढा-लेखा पण थेट लोकशाहीच ना? मग तुमचा विरोध कशाला?

माझा विरोध थेट लोकशाहीला कमी आणि घाईच्या बटणाला जास्त आहे. मेंढ्यात "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणतात खरं, पण कसं? आधी अभ्यासगटात बसतात, विषय समजून घेतात, मग ग्रामसभा, आणि निर्णय सर्वसहमतीनं. एकाला पटत नसेल तर बोलणं चालू राहतं. २००९ मधे जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवले, २०११ मधे स्वतःच्या बांबूचा वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात आला. तिथं बहुमत हा शब्दच फारसा कामाचा नाही. गाव छोटं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, निर्णयाचा परिणाम त्यांच्याच अंगावर येतो. हे २४ लाखांच्या शहरात जसंच्या तसं होणार नाही, पण प्रभागात, वस्तीत होऊ शकतं, प्रभागसभा भरवा म्हणून आपण कधी मागे लागतो का?

बिहारमधे मोबाइलवरून मतदान झालं म्हणे?

हो, जून २०२५ मधे, काही नगरपालिकांच्या निवडणुकीत, आधी नोंदणी केलेल्यांसाठी. गुजरातनं तर २०१० मधेच महापालिका निवडणुकीत ऑनलाइन सोय दिली होती, प्रतिसाद तुरळक. ज्याला बूथवर येणं खरंच शक्य नाही त्याच्यासाठी सोय पाहिजे याबद्दल वाद नाही. २०२४ च्या लोकसभेला ८५ च्या वरच्या आणि निदान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांच्या घरी आमची टीम गेली, पुठ्ठ्याचा आडोसा सोबत घेऊन, व्हिडिओ शूटिंग बाहेरून. वेळ लागतो, पेट्रोल लागतं, पण आडोसा घरात पोचतो.

म्हणजे ऑनलाइन काहीच नको?

बरंच काही पाहिजे. महापालिकेचं बजेट साध्या मराठीत ऑनलाइन टाका, प्रभागवार. झाडं तोडायची असतील तर हरकती-सूचनांची नोटीस कोपऱ्यातल्या पेपरात न देता मोबाइलवर पाठवा. नागपुरातल्या अजनी वनातली झाडं तोडायच्या वेळी लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या त्या अशाच, आणि हरकतीत माणूस कारण लिहितो, अधिकाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर कोर्टात दाखवता येतं. सभागृहाचं लाइव्ह प्रक्षेपण करा, कोणत्या नगरसेवकानं कशावर काय मत दिलं ते नावासकट टाका, त्यांचं मत गुप्त नकोच आहे. पुढची हरकतीची नोटीस निघाली की तारीख बघा, मुदत बरेचदा अगदी थोड्या दिवसांची असते, आणि पोच घेतल्याशिवाय झोन ऑफिसमधून बाहेर पडू नका.